कॅन्सलवरची काळी पट्टी

दुबईत, करामातल्या आमच्या बिल्डिंगचे एसी उन्हाळ्यात असे थडथडायचे की अख्खी इमारत दर वर्षी चार बोटं शारजाकडे सरकायची. मी तिथे नऊ वर्षं काढली. त्या मानाने निघताना मी शारजाच्या हद्दीत सापडायला हवा होतो. खोलीत आम्ही सहा जण. खिडकी एकच, आणि त्या खिडकीतही एसी बसवलेला. बाहेर ऊन आहे की वाळूचं वादळ, हे आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचून कळायचं.

माझ्या व्हिसावर मी एसी मेकॅनिक होतो, कारण कंपनीकडे त्या वर्षी तेवढाच एक व्हिसा शिल्लक होता. मी जन्मात एसी उघडलेला नाही. तरी बिल्डिंगमध्ये बातमी फुटली, आणि पहिल्या उन्हाळ्यात तीन मजल्यांवरच्या बायका मला शिव्या घालत होत्या. खरं काम काय करता असं कुणी विचारलं, की मी छाती काढून सांगायचो, "यंत्रांना बोलायला शिकवतो."

हे नव्वदच्या दशकाच्या शेपटाकडचं. दुबईच्याच देरा भागात एका चौथ्या मजल्यावर आम्ही पाच जण बोटाने चालणारी यंत्रं बनवायचो. पडद्यावर बटणाचं चित्र, चित्रावर बोट ठेवलं की काम झालं. आज ह्यात कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा लोक बघायला यायचे. एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते, तर तिने पडद्याला बोट लावण्याआधी चपला काढल्या. मला त्या दिवशी आपण देवळाचे पुजारी असल्यासारखं वाटलं, आणि पुढे बरेच दिवस तसंच वाटत राहिलं. सगळं बिघडलं ते त्यामुळेच.

आमचा मुदीर, म्हणजे तिकडच्या भाषेत मॅनेजर, हा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी धडा द्यायचा. "यूझर मालूम है कौन होता है? जो गलती करता है. आणि डिझायनर कोण? जो यूझरला गलती करू देत नाही." त्याचं मराठी एवढंच होतं, आणि तेही माझ्यामुळे आलेलं. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती.

दुबईच्या कडेला कामगारांच्या बराकींची वस्ती आहे, तिला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईच्या माणसाला हे नाव ऐकून धसकाच बसतो, कारण मुंबईचं सोनापूर म्हणजे स्मशान. आमच्या खोलीतला एक गिरगावकर तर 'सोनापूर' अशी हाक मारणाऱ्या टॅक्सीकडे बघायलाही तयार नसायचा. तिथे एका बांधकाम कंपनीचा मोठा कॅम्प होता. कॅम्पाच्या ऑफिसात केरळचा एक टाइमकीपर बसायचा. दोन वर्षांतून एकदा मिळणारी सुट्टी त्याच्याकडे जाऊन मागायची. तो वही उघडायचा, "मई में जायेगा? मई में सब लोग जायेगा! जून में जाव," असं भांडायचा, समोरच्याच्या घरचं सगळं ऐकून घ्यायचा, आणि शेवटी मे लिहायचा. कंपनीने ठरवलं, ह्या माणसाच्या जागी यंत्र बसवायचं. यंत्र आम्ही करायचं. म्हणजे मी.

मी ते सहा आठवड्यांत केलं, आणि त्या सहा आठवड्यांत सोनापूरला एकदाही गेलो नाही. जायची गरज काय? यूझर कसा असतो हे मला पाठ होतं. पडद्यावर टाइमकीपरसारखी कटकट नाही. आधी भाषा निवडा: वर इंग्रजी, खाली उजव्या कोपऱ्यात हिंदी. मग कार्ड घासा, तुमचा फोटो येईल. मग बारा महिन्यांचे बारा चौकोन, तीन-तीनच्या चार ओळी, नुसते आकडे, म्हणजे न शिकलेल्यालाही कळावेत. आणि शेवटी प्रश्न: डावीकडे ओके, खाली उजव्या कोपऱ्यात कॅन्सल. कॅन्सल दाबलं तर अर्ज रद्द झाल्याचं स्पष्ट दिसावं म्हणून मी खास कलाकुसर केली होती. माणसाचा फोटो मोठा व्हायचा आणि त्यावर तिरपा, लाल, शिक्क्यासारखा शब्द आदळायचा: कॅन्सल्ड. आदळताना धप्प असा आवाजसुद्धा यायचा. त्या धप्पसाठी मी दोन दिवस घालवले होते.

कंपनीची एक अट होती. माणसं सारखी मन बदलतात, तेव्हा एकदा अर्ज कॅन्सल केला की नव्वद दिवस नवा घ्यायचा नाही. मी ती अट एका ओळीत बसवली, चहा आणि समोसा ह्यांच्यामध्ये. समोशाची चव मला अजून आठवते. ओळ मात्र मी संध्याकाळपर्यंत विसरून गेलो होतो.

जानेवारीत यंत्र बसलं. कुठल्या बटणाला किती बोटं लागली ह्याची नोंद ते स्वतःच ठेवायचं. एप्रिलच्या सुरुवातीला नोंदी आमच्याकडे आल्या आणि मुदीर खुर्चीतून उठून माझ्या टेबलापर्यंत चालत आला, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं. ओकेवर हजारो बोटं. कॅन्सलवर एकही नाही. एकही!

"हबीबी," तो म्हणाला, "तीन महिने. एक भी आदमी पीछे नहीं मुडा!"

त्याने आलेख काढून गिऱ्हाईकाला पाठवला. एक उंच खांब आणि शेजारी मोकळी जागा. ऑफिसात केक आला. केकवर क्रीमने ओकेचं बटण काढलेलं होतं. मी मोठा तुकडा घेतला. ज्याने चूक करण्याची शक्यताच मिटवली असा डिझायनर आखाती देशांत दुसरा नाही, असं मुदीर म्हणाला. आखाती देश मीच मनातल्या मनात वाढवून आशिया केले.

आम्ही जेवायला करामातच एका मावशींकडे जायचो. दोन खोल्यांचा फ्लॅट, बाहेरच्या खोलीत जाजम टाकून पंगत. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी दुपारी तिथे इतकी गर्दी व्हायची की एकाने घास घेतला की शेजाऱ्याला कोपर आवरावं लागायचं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दोन बसगाड्या बदलून तिथे एक जण यायचा. राजापूरकडचा, बुटका, घट्ट बांध्याचा. शटरिंग कारपेंटर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचे साचे ठोकणारा. आम्ही त्याला कारपेंटरच म्हणायचो. तो मला 'साहेब' म्हणायचा. मी नको म्हटलं, तेव्हा 'भाऊ'वर आला.

घरून आलेलं पत्र तो कॅम्पात उघडायचा नाही. खिशात घालून मावशींकडे आणायचा आणि जेवण झाल्यावर वाचायचा. पत्र धाकट्या भावाचं असायचं आणि त्यात मुख्य बातमी वडलांची. वडील विसरत चालले होते. एकेक माणूस त्यांच्या डोक्यातून उतरत होतं.

"ह्या महिन्यात कोण गेलं?" मावशी विचारायच्या. पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा मी सुतकात असल्यासारखा तोंड पाडून बसलो होतो.

"आत्या गेली," तो सांगायचा. "परवा दारात आली तर म्हणाले, ह्या बाईंना पाणी द्या."

पुढच्या महिन्यात शेजारचं घर गेलं. मार्चात भावाचं नाव गेलं. तो समोर वावरायचा, वडील त्याला 'अरे' म्हणून भागवायचे.

"आणि तू?" मावशींनी विचारलं.

"मी आहे अजून. सगळ्यांना सांगतात, माझा मोठा दुबईला असतो." त्याने पत्राची घडी केली. "मेमध्ये जातोच. तोवर टिकेन बहुतेक."

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी मी पंगतीला बसलो तो केकच्या धुंदीत. कारपेंटर शेजारी होता.

"काय मग, निघणार ना पुढच्या महिन्यात?"

"ऑगस्टात," तो म्हणाला.

"ऑगस्ट? मे ठरला होता ना?"

"मशीन म्हणालं ऑगस्ट."

"कुठलं मशीन?"

"कॅम्पातलं. ते बोट लावायचं."

मला काय व्हावं? दुःख? छे! मी आनंदाने मांडी ठोकली. आमटीची वाटी हलली. "अरे, ते मी केलंय! ते मशीन माझं आहे!"

त्याने घास खाली ठेवला. इतका वेळ माझ्याकडे आजवर फक्त विमानतळावरच्या पासपोर्टवाल्याने पाहिलं होतं.

"तुम्ही केलंत?"

"नखशिखांत."

"मग एक विचारू, भाऊ? राग नका मानू. त्यात तो कॅन्सल कुणासाठी ठेवलाय?"

"कुणासाठी म्हणजे?"

"म्हणजे कुणाला कॅन्सल करायचं होतं तुम्हाला?"

तिकडे न राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागेल. आखातात कॅन्सल ही तिकिटावरची किंवा अर्जावरची गोष्ट नाही. कॅन्सल माणूस होतो. 'त्याचा कॅन्सल झाला' म्हटलं की त्याचा व्हिसा गेला, पासपोर्टवर शिक्का बसला, त्याची गादी दुसऱ्याला मिळाली. सुपरवायझर चिडला की एवढंच म्हणायचा, "कॅन्सल कर दूँगा." ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांनाही हा शब्द चित्रासारखा ओळखता यायचा. आणि मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या सहा जणांच्या खोलीत हा शब्द दिवसातून दहा वेळा ह्याच अर्थाने निघायचा. मी स्वतः वापरायचो. फक्त ऑफिसच्या खुर्चीत बसलो की तो माझ्या डोक्यातून उतरायचा, आत्या उतरली तसा.

"मी पाच दाबला," कारपेंटर सांगू लागला. "उमटला आठ. पुन्हा दाबावं तर पडदा बदललेला. विचारतोय, ओके की कॅन्सल. मागे शंभर माणसं, सगळी ओरडतायत, यल्ला भाई, यल्ला! सुपरवायझर उभा. आता तुम्हीच सांगा, भाऊ. तुम्ही काय दाबलं असतंत?"

मावशी भात घेऊन आल्या. त्याने ताटावर आडवा तळहात धरला. "राहू दे, मावशी."

"अरे, एवढ्यात?"

"राहू दे."

मी त्याला तिथल्या तिथे शब्द दिला. पुढच्या शुक्रवारी मी येतो, एका मिनिटाचं काम आहे, तुझा मे तुला मिळवून देतो. पंगतीतल्या चौघांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी आणखी एक मासळीचा तुकडा मागून घेतला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी सोनापूरला पोचलो. स्वतःचं यंत्र नांदताना पहिल्यांदाच बघत होतो. ते भिंतीवर इतकं उंच टांगलेलं होतं की मला वाटलं, घड्याळ आहे. मी माझ्या नकाशात लिहिलं होतं, 'पडदा डोळ्यांच्या रेषेत असावा.' कुणाच्या डोळ्यांच्या, ते लिहायचं राहिलं होतं. बसवणारा इंजिनिअर साडेसहा फुटी होता. त्याने आपले डोळे धरले. खालून वर बघणाऱ्या बुटक्या माणसाला चित्र एका जागी दिसायचं आणि बोट काचेवर एक ओळ खाली टेकायचं. पाचाच्या खाली आठ. कॅम्पातली सगळी बुटकी माणसं तीन-तीन महिने उशिरा घरी जाणार होती, आणि माझ्या आलेखात ती समाधानी म्हणून उभी होती.

पण मी थबकलो ते दुसऱ्याच गोष्टीने. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली होती. एक पट्टी नव्हे, चांगले पाच-सहा थर. वायरमनने जखम बांधावी तशी.

"उधर हाथ मत लगाना, भाई," शेजारून एक पिकल्या मिशांचा इलेक्ट्रिशियन म्हणाला. "उधर कॅन्सल है."

कुणाचं बोट चुकून जाऊ नये म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गणी न काढता, सभा न घेता, एकमताने तो कोपरा बुजवून टाकला होता. आणि पहिल्या पडद्यावर त्याच कोपऱ्यात मी हिंदी ठेवली होती. म्हणजे इतक्या प्रेमाने केलेली माझी हिंदी त्या कॅम्पात आजवर कुणीही पाहिली नव्हती. तिलाही त्यांनी कॅन्सलच समजून गाडली होती. मुदीर ज्याच्यासाठी केक कापत होता ते शून्य ह्या टेपचं होतं.

मी टेप सोलायला घेतली. बादल्या घेऊन जाणारे थांबले, दाढी करणारे साबण लावलेल्या गालांनी बाहेर आले. कारपेंटरने कार्ड घासलं. त्याचा फोटो आला, खाली ऑगस्टचा अर्ज. मी बोट कोपऱ्याकडे नेलं, तसं त्याने माझं मनगट पकडलं. रोज हातोडा मारणाऱ्या माणसाची पकड होती ती.

"नको, भाऊ."

"अरे, हा नुसता अर्ज रद्द होतो. तू नाही. मी केलंय ना ते?"

"तुमचं काय जाणार? फोटो माझा आहे."

"माझ्यावर विश्वास नाही?"

हे मी विचारायला नको होतं. असं विचारलं की आपल्याकडचा माणूस अडकतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि हळूहळू मनगट सोडलं.

मी दाबलं.

धप्प! त्याचा चेहरा पडदाभर झाला आणि त्यावर तिरपा, लाल शब्द आदळला. मागे कुणीतरी "या अल्ला" म्हणालं. इलेक्ट्रिशियनने मान फिरवली. कारपेंटर आपल्याच फोटोकडे बघत राहिला. तोंडावर शिक्का बसलेला स्वतःचा फोटो माणसाला जिवंतपणी बघायला मिळावा अशी सोय मी केली होती, आवाजासकट.

"झालं," मी उसन्या उत्साहाने म्हणालो. "आता मे दाब. थांब, मीच दाबतो."

मी पाच दाबला. पडद्यावर दोन ओळी आल्या. नव्वद दिवस नवा अर्ज घेता येणार नाही, आणि खाली जुलैची तारीख. माझीच ओळ, मी लिहिली तशीच, मला वाचून दाखवली जात होती.

"काय म्हणतंय?" त्याने विचारलं.

मला गोष्टी रंगवून सांगता येतात. आमच्या खोलीत मी उंटाच्या शर्यतीत जिंकलेल्या बोकडाची गोष्ट सांगून लोकांना तासभर हसवलेलं आहे. पण त्या दोन ओळींचं मराठी करायला मला इतका वेळ लागला की त्याला ते आधीच कळलं.

त्यानंतर मी काय केलं नाही! कॅम्प बॉसकडे गेलो. तो म्हणाला, "सिस्टम में नहीं है तो मैं क्या करूँ?" मुदीरकडे गेलो. तो म्हणाला, "कस्टमर का पास किया हुआ सॉफ्टवेअर है. बदलना है तो कस्टमर लिख के दे." गिऱ्हाईकाच्या हेड ऑफिसात गेलो. तिथला साहेब माझ्याकडे बघून हसला. "तूच केलेल्या सिस्टमच्या बाहेर जाऊन काम करायला सांगतोस? इन्शाल्ला, जुलैमध्ये ये." शेवटी मी त्या केरळी टाइमकीपरचा पत्ता विचारला. वाटलं, वहीत काहीतरी वाट असेल, तो भांडेल आणि मे लिहील. तेव्हा कळलं की यंत्र बसलं त्याच महिन्यात त्याचा कॅन्सल झाला होता. माझ्या यंत्राने केलेला पहिला कॅन्सल तोच. त्याला बटण लागलं नव्हतं.

मे गेला. जूनच्या पत्रात भावाने लिहिलं, बाबा आता घराबाहेर पडले की घर शोधतात. 'मोठा दुबईला' हे मात्र अजून म्हणतात. जुलैत तारीख उलटली त्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर यंत्रासमोर उभा राहिलो. तोवर ऑगस्ट भरला होता, सप्टेंबर भरला होता. ऑक्टोबर मिळाला. मी मदतीला गेलो नसतो तर तो ऑगस्टात गेला असता. हे वाक्य मी आजवर कुठे बोललो नाही.

यंत्र मात्र सुधारलं. हट्टाने सुधारून घेतलं. शुक्रवारी मी वही घेऊन सोनापूरला जाऊ लागलो आणि लोकांना विचारू लागलो, हे काय दिसतंय, ते काय वाटतंय. पहिल्या दिवशी कुणी बोलेना, मला हेड ऑफिसचा माणूस समजले. कारपेंटर म्हणाला, "सांगा रे. हा आपलाच आहे." मी त्याला विचारलं, कॅन्सलच्या जागी काय लिहू?

तो म्हणाला, "मावशी जास्त भात वाढायला लागली की आपण काय म्हणतो? तेच लिहा."

म्हणून त्या यंत्रावर हिंदीत 'रहने दो' आलं. फोटोवरचा शिक्का गेला, धप्प गेला. नव्वद दिवसांची अट काढायला गिऱ्हाईक काही तयार झालं नाही, पण पहिल्या दोन दिवसांत चूक सुधारली तर चालेल, एवढं मिळालं. यंत्र उंचावरून खाली घ्यायला परवानगी हवी होती, ती येईना. तेव्हा कारपेंटरने साइटवरच्या टाकाऊ फळ्यांचा एक पाट ठोकून आणला आणि भिंतीपाशी ठेवला. बुटक्याने चढावं, उंचाने बाजूला सारावा. सहा आठवडे खपून मी जे केलं नाही ते त्याने अर्ध्या दुपारीत केलं, आणि त्याच्या पाटाला कधी नवी आवृत्ती लागली नाही.

पुढच्या नोंदी आल्या तेव्हा 'रहने दो'वर बोटांची झुंबड उडालेली होती. मुदीरने कपाळाला हात लावला. "हबीबी, सब लोग पीछे मुडने लगे!"

"मुडने दो," मी म्हणालो. केक आला नाही.

नंतर दोन हजार उजाडलं आणि आमच्या धंद्याची हवाच पालटली. परदेशातून कोट घातलेली माणसं यायला लागली. ती सांगायची, यूझरला विचारा, यूझरपाशी बसा, यूझर हाच गुरू. कालपर्यंत 'जो गलती करता है' म्हणणारा मुदीर आता 'यूझर' हा शब्द उभा राहून उच्चारायचा. एका हॉटेलात ह्या विषयावर दिवसभराचं संमेलन झालं. यूझर सोडून सगळे आले होते. मुदीरने मला बोलायला उभं केलं आणि मी काळ्या पट्टीची गोष्ट सांगितली. लोक हसले, हळहळले. शेवटी एका बाईंनी विचारलं, "मग त्या माणसाचं काय झालं?"

"मी स्वतः बटण दाबलं," मी म्हणालो, "आणि तो मेमध्ये घरी गेला. वडलांनी दारातच ओळखलं."

टाळ्या पडल्या. पुढे ती गोष्ट मी निदान वीस ठिकाणी सांगितली, आणि दर वेळी शेवट थोडा वाढवला. वडील उठून उभे राहिले. वडलांनी त्याचं लहानपणचं नाव घेतलं. एकदा तर मी त्याला विमानात पुढच्या गुबगुबीत खुर्च्यांवर बसवून पाठवला. खऱ्या ऑक्टोबरला मी त्या हॉटेलांच्या आसपासही फिरकू दिलं नाही.

तो खरा गेला तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, आणि तीन आठवड्यांनी परत आला. पहिल्या शुक्रवारी नेहमीसारखा मावशींकडे आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली, सुतळीने आवळलेली पुडी होती. ती त्याने मांडीजवळ ठेवली. मावशींनी वाढलं, पण कुणी जेवायला सुरुवात करेना.

"ओळखलं का रे?" शेवटी मावशींनीच विचारलं.

"पडवीत बसले होते," तो म्हणाला. "मला बघून उठले. या, या, म्हणाले. बसा. कुठून आलात? म्हटलं, दुबईहून. तसे खूश झाले. म्हणाले, आमचा मोठा असतो तिथे. भेटतो का तुम्हाला?"

"मग?"

"म्हटलं, भेटतो कधी कधी. म्हणाले, बरा आहे ना? म्हटलं, बरा आहे." त्याने पाण्याचा घोट घेतला. "तीन आठवडे पाहुणा होतो. मला 'अहो' म्हणायचे. स्वतःची खुर्ची दिली बसायला. भावाने दोनदा सांगितलं, बाबा, हाच तो. तर त्याला दटावलं, पाहुण्यांची चेष्टा करू नये."

आतून मावशींच्या मुलीने "आई, फोन!" अशी हाक मारली, तिकडे कुणी गेलं नाही.

"निघताना म्हणाले, तो भेटला की सांगा, मेमध्ये ये. मी वाट बघतोय." त्याने पुडीवर हात ठेवला. "आणि ही आमसुलं दिलीत. मुलाला द्या म्हणाले."

मी तोंड उघडलं. मला ते बटण, ती ओळ, तो समोसा, सगळं एकदम बोलायचं होतं. "ऐक ना, त्या दिवशी मी जर ते..."

त्याने आडवा तळहात माझ्यासमोर धरला, ताटावर धरायचा तसा.

"राहू दे, भाऊ."

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आण इकडे ती आमसुलं. सार करते सगळ्यांना."

त्याने पुडी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

"ही दुसऱ्याची आहेत, मावशी," तो म्हणाला. "पोचवायचीत."